गाळा सगळ्यांचा, पण किल्ली कोणाकडे?

वास्तुरचनेविषयीच्या या सदराकडे कोल्हापूरहून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. पेठेतला रस्त्यालगतचा एखादा गाळा सर्वांच्या वापरासाठी खुला करायचा आहे, त्याची रचना आणि त्यातून पुढे होणारी गल्लीतली कामे रहिवाशांना बरोबर घेऊन करायची आहेत, तर सुरुवात कोठून करावी, असा त्यांचा सूर आहे. म्हणून या वेळी ही पत्रे एकत्र घेतली आहेत. ती संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या तालीम मंडळाच्या इमारतीत तळमजल्यावर १२ फूट रुंद आणि २२ फूट खोल असा एक गाळा आहे. जुना भाडेकरू सोडून गेल्यावर तो पुन्हा भाड्याने न देता पेठेतल्या लोकांसाठी वापरावा, असे सभेत ठरले. मुलांना अभ्यासिका हवी आहे, महिला बचत गटाला मसाले व पापड विकायचे आहेत, ज्येष्ठांना वर्तमानपत्रे वाचत बसायचे आहे आणि भागातले दोन तरुण आर्किटेक्ट संध्याकाळी बसून घरदुरुस्तीचा सल्ला द्यायला तयार आहेत. त्यांनी संगणकावर काढलेले एक देखणे चित्र सभेत दाखवले. समोर पूर्ण काच, आत लाकडी बैठक. सगळे ‘छान आहे’ म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर कोणी काही बोलत नाही. काय करावे? (मंडळाचे चिटणीस, मंगळवार पेठ)

उत्तर : ‘छान आहे’ हे पुष्कळदा नकाराचेच सभ्य रूप असते. संगणकावरचे गुळगुळीत चित्र पाहिले की काम जवळजवळ ठरलेलेच आहे, असे माणसाला वाटते. ज्याला त्यात बदल सुचवायचा असतो, त्यालाही आता मध्येच तोंड घालणे वाईट दिसेल, असे वाटून तो गप्प बसतो. तेव्हा ते चित्र काही काळ बाजूला ठेवावे आणि गाळा रिकामा करून त्याच्या फरशीवरच प्रत्यक्ष मापाने आराखडा आखावा. मैदान आखायची फक्की तालमीत असतेच. कपाट येथे, टेबल येथे, पापडांची मांडणी येथे, अशा रेषा मारून लोकांना त्यांतून चालू द्यावे. मुंबईत १९८० च्या दशकात फुटपाथवर राहणाऱ्या स्त्रियांच्या ‘महिला मिलन’ या संघटनेने आपल्या भावी घरांचे नमुने लाकूड आणि कापड वापरून पूर्ण आकारात उभे केले होते आणि लोकांना त्यांतून हिंडवून चर्चा घडवली होती. नकाशा वाचता न येणारी बाईसुद्धा अशा नमुन्यात उभी राहिली की ‘येथे चूल ठेवली तर दार उघडणार नाही’ हे ताबडतोब सांगू शकते. तुमच्या गाळ्यातही असेच घडेल. फक्कीची रेषा पायाने पुसता येते, म्हणून लोक ती पुसतात.

मात्र त्याआधी एक वेळापत्रक तयार करावे, कारण तुमच्यापुढची खरी अडचण जागेपेक्षा वेळेची आहे. गाळ्याचे क्षेत्र २६४ चौरस फूट. एका लांब भिंतीला दोन फूट खोलीची कपाटे केली तर ४४ चौरस फूट त्यांत जातात आणि २२० उरतात. अभ्यासाला बसणाऱ्या एका मुलामागे टेबल, खुर्ची आणि जाण्यायेण्याची वाट धरून सुमारे १८ चौरस फूट लागतात, म्हणजे एका वेळी १२ मुले बसतील आणि तीही इतर काहीच चालू नसताना. शिवाय कांदा-लसूण मसाल्याच्या वासात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होत नाही आणि मुले अभ्यास करत असताना बचत गटाच्या बायकांनी कुजबुजत विक्री करावी, अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही. सकाळी सात ते नऊ वर्तमानपत्रे, अकरा ते चार विक्री, सहा ते दहा अभ्यास अशी काहीतरी विभागणी झाली की कोणते सामान कायम ठेवायचे आणि कोणते घडी घालून बाजूला सारायचे, हे आपोआप उमगते. टेबले दुमडणारी असावीत, प्रत्येक गटाला स्वतःच्या कुलपाचे एक कपाट मिळावे, आणि मसाल्यांचे कपाट घट्ट झाकणाचे व दाराजवळ असावे.

गणेशोत्सवात मंडळाला हाच गाळा सामान ठेवायला लागणार, आणि शाहू स्टेडियमवर तुमच्या तालमीचा फुटबॉल सामना असेल त्या दिवशी तेथे अभ्यास होणार नाही, हे सर्वांना माहीत असते. तरीही ते कागदावर कोणी लिहीत नाही. ते लिहावे. अभ्यासाच्या मुलांना त्या दिवसांत बसायला दुसरी जागा कोणती, हेही त्याच कागदावर असावे. सामायिक जागा मोडतात त्या बहुधा अशा न लिहिलेल्या गोष्टींवरून मोडतात. त्यांत आराखड्याचा दोष क्वचितच असतो. शटरची किल्ली कोणाकडे, दुसरी किल्ली कोणाकडे, रात्री शेवटी कोण बंद करणार आणि वीजबिलाचा वाटा कसा, ही चार उत्तरे मिळेपर्यंत सुताराला बोलावू नये. किमान एक किल्ली बचत गटातल्या बाईकडे असावी, असे मी आग्रहाने सांगेन. ज्याच्या हाती किल्ली नाही तो त्या जागेत कायम पाहुणाच राहतो.

काचेविषयी माझे मत प्रतिकूल आहे. पश्चिमेला तोंड असेल तर काचेमागे दुपारी बसवणार नाही, आणि तिच्या आत बसलेला माणूस दुकानात मांडून ठेवल्यासारखा दिसतो. कोल्हापूरच्या माणसाला रस्त्याकडे तोंड करून कट्ट्यावर बसायला आवडते. गंगावेशीत म्हशीच्या धारेचे दूध पिण्यासाठी उभी राहणारी गर्दी पाहिली की येथे लोक एकत्र येतात ते रस्त्याच्या कडेला, हे लक्षात येते. तेव्हा खर्च करायचाच तर तो आधी ओट्यावर करावा. १६ ते १८ इंच उंचीचा, पाठीला भिंत असलेला आणि वर पाऊस अडवणारा पुरेसा छज्जा असलेला दगडी ओटा, त्यामागे पूर्ण उघडणारे दार. आत येण्यास संकोचणारा माणूस आधी ओट्यावर टेकतो, तेथून आत काय चालले आहे ते पाहतो आणि मग येतो. तरुण आर्किटेक्टांनीही आपले टेबल या ओट्यालगतच लावावे.

प्रश्न : लोकांना विचारून वास्तुरचना करणे ही नवी टूम आहे का? लोकांना त्यातले काय कळते? (एक निवृत्त अभियंता, राजारामपुरी)

उत्तर : टूम असेल तर ती बरीच जुनी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९६४ साली वास्तुविशारदांचा एक गट स्थापन झाला, तो सरकारी नूतनीकरण योजनांपुढे रहिवाशांची बाजू तांत्रिक भाषेत मांडण्यासाठी. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराच्या बायकर भागाची पुनर्रचना १९६९ पासून वास्तुविशारद राल्फ अर्स्किन यांच्या कार्यालयाने केली. त्या कार्यालयाने वस्तीतच अंत्यविधीचे साहित्य पुरवणाऱ्याचे एक जुने दुकान घेऊन तेथे आपली आरेखन टेबले मांडली. प्रकल्पाचे काम पाहणारे वास्तुविशारद त्याच दुकानाच्या वर राहत. दार उघडे असे, आणि घराच्या नकाशाबरोबरच तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊनही लोक तेथे येत. आधी ४६ घरांचा एक छोटा टप्पा तेथे राहायला येणाऱ्या कुटुंबांशी बोलून बांधला गेला आणि त्यातून शिकून पुढचे काम झाले.

पण तुमच्या शंकेत तथ्य आहे, फक्त ते वेगळ्या ठिकाणी आहे. बायकरची घरे नावाजली गेली, तरी जुन्या वस्तीतले थोडेच रहिवासी शेवटी नव्या वसाहतीत राहिले, कारण जुनी घरे पाडायची की नाही आणि किती वेगाने पाडायची, हे त्या दुकानात ठरत नव्हते. दुकानाचे दार कितीही उघडे असले तरी निर्णयाचे दार दुसरीकडे होते. अमेरिकेतल्या शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना गुंडाळणे, मध्ये माहिती देणे आणि मत विचारणे, तर वरच्या टोकाला प्रत्यक्ष अधिकार देणे आहे. आपल्याकडच्या बहुतेक ‘नागरिकांशी संवाद’ सभा मधल्याच पायऱ्यांवर थांबतात आणि तरीही त्यांना सहभाग म्हटले जाते. पुण्यातल्या येरवड्यात वस्ती न हलवता जागच्या जागी घरे बांधण्याच्या योजनेत कुटुंबांशी घराच्या मांडणीविषयी चर्चा झाली, आणि ‘शेल्टर असोसिएट्स’ ही पुण्याची संस्था कोल्हापुरातल्या वस्त्यांतही घरोघरी शौचालयांच्या कामासाठी आधी प्रत्येक घराची माहिती नकाशावर घेते. लोकांना बीममधली सळई किती जाडीची लागते हे कळत नाही, आणि ते त्यांना विचारूही नये. गल्लीत पाणी कोणत्या वेळी येते, घागरी कोठे ठेवतात, अंत्ययात्रेची तिरडी जिन्यावरून कशी उतरवतात, हे अभियंत्याला कळत नाही. दोघांनाही एका टेबलाशी बसवायचे, एवढाच या पद्धतीचा अर्थ आहे.

प्रश्न : आमची गल्ली पुराची. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा गाळ्यात पाणी होते. एका शेजाऱ्यांनी गाळा गल्लीसाठी देऊ केला आहे, पण दर दोन-चार वर्षांनी सगळे वाहून जाणार असेल तर त्यावर पैसे घालावेत का? (एक गृहिणी, उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : घालावेत, पण पाणी येणार हे धरून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्या पुढे गेली होती. एवढ्या पाण्याला दारात फळी लावून अडवता येत नाही. तेव्हा आत येऊ द्यावे, नुकसान होऊ देऊ नये आणि ओसरल्यावर दोन दिवसांत धुऊन काढता यावे, अशी रचना करावी.

प्लायवूड अजिबात वापरू नये. ते फुगते आणि मग फेकावेच लागते. लोखंडी अँगलवर कडाप्प्याच्या फळ्या कराव्यात. खालच्या पाच-सहा फुटांत पीओपी, पुट्टी आणि लाकडी पॅनेल टाळून चुन्याचा गिलावा ठेवावा, कारण त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. विजेच्या तारा छताकडून खाली आणून सर्व बटणे आणि मीटर २०२१ च्या पाणीरेषेच्या वर घ्यावेत. फरशीला रस्त्याकडे स्पष्ट उतार असावा, म्हणजे गाळ झाडूने लोटता येईल. पाणी दारातून येण्याआधी शौचालयाच्या भांड्यातून वर येते, हा पूरग्रस्त गल्ल्यांचा अनुभव आहे. त्यासाठी ड्रेनेजच्या जोडणीवर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. पाणी ओसरल्यावर भिंती पूर्ण वाळेपर्यंत रंग लावू नये, मग गणपती तोंडावर आलेले असोत.

ही झाली बांधकामाची बाजू. तुमच्या गाळ्याचा याहून मोठा उपयोग मला दिसतो तो भिंतीचा. एका भिंतीवर दोन्ही पुरांच्या पाणीरेषा रंगाने मारा, आणि त्या मारण्यासाठी गल्लीतल्या जुन्या माणसांना बोलवा. रेषा नेमकी कोठे, यावरून वाद होईल. तो होऊ द्या, कारण त्या वादातूनच बाकीची माहिती बाहेर येते. कोणाच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागले की गल्लीचे तोंड बंद होते, कोणाच्या म्हशी कोठे नेल्या होत्या, अंथरुणाला खिळलेली आजी कोणत्या घरात आहे, कोणाच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाता येते, गॅसच्या टाक्या कोठे बांधून ठेवल्या होत्या. हे सर्व त्याच भिंतीवर, गल्लीचा मोठा नकाशा काढून, घरागणिक लिहून ठेवावे. असा नकाशा कोणताही सल्लागार बाहेरून येऊन काढू शकत नाही. इशारा पातळी गाठली की कोणते सामान कोणी कोणाच्या माडीवर न्यायचे, हेही तेथेच ठरवावे. गल्लीतल्या पुढच्या कामांचा, म्हणजे जिन्याला कठडा, दोन गच्च्यांमध्ये फळी, गटाराची जाळी यांचा क्रम या नकाशावरूनच लागतो. मोठ्या सुशोभीकरणाचा विचार त्यानंतर.

प्रश्न : आमचा गाळा रस्त्यापासून दीड फूट उंच आहे. व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी रॅम्प करायचा म्हटले तर मिस्त्री म्हणतो, चार फुटांत करून देतो. (शाहूपुरी)

उत्तर : मिस्त्रींनी सांगितलेला उतार घसरगुंडीचा आहे. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा, म्हणजे १८ इंच चढायला १८ फूट लांबी लागते आणि रुंदीही चार फूट हवी. रस्त्यावर तेवढी जागा नाही, आणि असती तरी ती आपली नाही. गाळ्याची रुंदी १२ फूट आणि पुढचा ओटा तुमच्याच हद्दीत असेल, तर असे करता येईल : आतल्या फरशीचा पुढचा आठ फुटांचा पट्टा १२ इंच खाली घ्यावा, म्हणजे तो रस्त्यापेक्षा सहाच इंच उंच राहील, आणि ओट्याची जागा घेऊन, दुकानाच्या तोंडाला समांतर, सहा फुटांचा रॅम्प आणि त्यापुढे पाच फुटांची सपाट जागा करावी. जुन्या जोत्यात बहुधा मुरमाची भर असते, ती काढता येते. मात्र भिंतींच्या पायाला धक्का लागू नये म्हणून आधी अभियंत्याला दाखवावे. मागचा भाग दोन पायऱ्या उंच राहील, म्हणून सर्वांना लागणारी प्रत्येक गोष्ट, वाचनाचे एक टेबलसुद्धा, पुढच्या सखल भागात असली पाहिजे. आणि काम सुरू करण्यापूर्वी व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला बोलावून फळ्या टाकून चढून पाहायला सांगावे. या बाबतीत आपला अंदाज आणि त्यांचा अनुभव यांत नेहमी अंतर असते.

प्रश्न : वाड्याचे मालक तोंडी म्हणाले, ‘वापरा, भाडे नको.’ कागद करावा का? दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागते का? (शुक्रवार पेठ)

उत्तर : कागद करावाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार एखाद्या व्यक्तीच्या नावाने न करता नोंदणीकृत मंडळाच्या नावाने करावा. त्याआधी प्रॉपर्टी कार्ड पाहावे. जुन्या वाड्यांच्या कार्डावर भाऊबंदांची दहा-बारा नावे असतात, आणि एकाने दिलेला शब्द दुसऱ्याला मान्य असेलच असे नाही. परवानगीबाबत : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये केवळ आतल्या भागापुरत्या किंवा बाह्यरूपात फारसा फरक न करणाऱ्या दुरुस्तीला सूट आहे. भिंत हलवणे, दर्शनी भाग बदलणे किंवा दुकानाचा वापर बदलणे यांसाठी नगररचना विभागात विचारूनच पुढे जावे.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षात आहे. आम्ही काही विद्यार्थी अशा गाळ्यात बसून लोकांना मदत करू इच्छितो. काय पथ्ये पाळावीत? (कसबा बावडा)

उत्तर : पहिले पथ्य कायद्याचे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ प्रमाणे नोंदणी होईपर्यंत स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. पाटीवर ‘विद्यार्थी’ असे स्वच्छ लिहा. मापे घ्या, नकाशे काढा, पर्याय मांडा. भिंतीला तडा गेला असेल किंवा तुळई वाकली असेल तर तेथे थांबून अनुभवी अभियंत्याला बोलवा.

मापे घेताना टेपचे दुसरे टोक घरमालकिणीच्या हातात द्या. ती टेप धरून खोलीभर फिरते तेव्हा ही भिंत सासऱ्यांनी कधी घातली, येथे पूर्वी खिडकी होती ती दिरांच्या वाटणीत बुजली, पावसात पाणी कोठून झिरपते, हे सगळे न विचारता सांगते. प्रश्नावली भरून घेताना यातले काहीही मिळत नाही. आराखडा ब्राऊन पेपरवर जाड पेन्सिलीने काढा, मापे फुटांत आणि इंचांत लिहा. सभा रात्री नऊला ठेवली तर पुरुष येतील आणि तेच बोलतील. दुपारी तीनला वेगळी बैठक घ्या, त्यात पहिल्या बैठकीचे अर्धे निर्णय बदललेले दिसतील.

प्रत्येक कामाच्या सुरुवातीला दोन याद्या दारावर लावा : या कामात रहिवासी काय ठरवू शकतात, आणि काय आधीच ठरलेले आहे. रस्त्याची रुंदी, पूररेषा, हातातला पैसा हे दुसऱ्या यादीत जाईल. ते लपवून ‘तुम्हाला काय हवे ते सांगा’ असे विचारले की लोक मोठी स्वप्ने सांगतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. सल्ला पूर्ण फुकट देऊ नये, हेही माझे मत; दहा-वीस रुपये का होईना, पेटीत पडावेत. मग माणूस हक्काने भांडायला येतो, आणि तसे त्याने यावे. आलेल्या प्रत्येकाचे काम, त्याला काय सांगितले आणि पुढे काय झाले, हे एका वहीत लिहीत जा. परीक्षा संपल्यावर तुम्ही गावी जाणार असाल, तर ती वही पेठेतल्या कोणाकडे राहील आणि अर्धवट राहिलेल्या घरांना उत्तर कोण देईल, हे जाण्यापूर्वीच ठरवून त्याचे नाव पाटीवर लावून जा.